विचार ऐकू यावा म्हणून

कोकणात विंचू चावून माणसे मरत, आणि ती बहुधा फुफ्फुसात पाणी भरून मरत. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यांच्याविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि काही तासांत रोग्याला श्वास पुरेनासा होतो. 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी बसून, बारकाईने नोंदी ठेवून ही साखळी उलगडली. रक्तदाबावर दिली जाणारी प्राझोसिन ही स्वस्तातली गोळी या साखळीला मुळाशीच तोडते, हे त्यांनी दाखवून दिले. 1986 मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेले त्यांचे निवेदन 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले. तोवर पश्चिम भारतातल्या तीव्र विंचूदंशात शंभरातले पंचवीस-तीस रोगी दगावत. प्राझोसिननंतर हा आकडा एक टक्क्याच्याही खाली गेला. लंडनच्या नियतकालिकातली ही एक-दोन पाने शेजारच्या तालुक्यातल्या मेडिकल ऑफिसरच्या हाती किती दिवसांनी पडली असतील, हा झाला एक प्रश्न. त्याहून अवघड प्रश्न असा, की पडली तरी त्यांतून त्याला काय मिळाले असेल. औषधाचे नाव मिळाले असेल, मात्राही मिळाली असेल. पण पहिल्या गोळीनंतर रोग्याला उठून बसू का द्यायचे नाही, गारठलेले हातपाय पुन्हा ऊबदार होऊ लागले की त्याचा अर्थ काय घ्यायचा, सवयीने हात ॲट्रोपिनकडे किंवा स्टिरॉइडकडे जातो तो का आवरायचा, हे सारे कोणीतरी शेजारी उभे राहून बोलत बोलत सांगावे लागते. आपल्याकडचे असे ज्ञान व्याख्यानांतून, परिषदांतून आणि एका डॉक्टरने दुसऱ्याला तोंडी सांगण्यातूनच पसरत आलेले आहे.

2009 मध्ये न्यू यॉर्कमधले तातडीच्या वैद्यकाचे डॉक्टर स्कॉट वाइनगार्ट यांनी 'ईएमक्रिट' हा पॉडकास्ट सुरू केला. त्याचा पहिलाच भाग फुफ्फुसात अचानक पाणी भरलेल्या रोग्यावर होता. तिथे विंचू नव्हता, रक्तदाब आकाशाला भिडलेला हृदयरोगी होता. पण शरीरातला घोटाळा जवळपास तोच. अशा रोग्याच्या अंगात पाणी जास्त झालेले असेलच असे नाही, ते भलत्या ठिकाणी गेलेले असते. म्हणून केवळ लॅसिक्स देऊन लघवीची वाट बघत बसण्यापेक्षा मुखवट्यातून दाबाने हवा द्यावी आणि नायट्रोग्लिसरीन नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट वेगाने सोडावे, असे त्यांचे सांगणे होते. यातले शास्त्र पाठ्यपुस्तकांत अजिबात नव्हते असे नाही. नवे होते ते ऐकणाऱ्याला मिळालेले स्थान. एक अनुभवी डॉक्टर कॅज्युअल्टीत उभा राहून काय विचार करतो, कशाला घाबरतो, कुठल्या आकड्याकडे डोळे लावून असतो आणि कुठल्या आकड्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो, हे त्याच्याच तोंडून, ज्या क्रमाने मनात येते त्या क्रमाने ऐकायला मिळत होते.

माझ्या मते वैद्यकीय पॉडकास्टचे सारे मोल इथे आहे, आणि या प्रस्तावनेत मला तेवढेच नीट मांडायचे आहे. माहिती देण्याची साधने पुष्कळ आहेत, आणि माहितीसाठी छापील पान आवाजापेक्षा सरस आहे: ते चाळता येते, तपासता येते, पुन्हा उघडता येते. वैद्यकीय निर्णय कसा घडतो, तो घेताना कुठे शंका उरते आणि ती शंका पोटात ठेवून पुढे कसे जायचे, हे मात्र बोलण्यातून फार स्वच्छ कळते. डॉक्टरांसाठीच्या पॉडकास्टला हे लागू आहे, तसेच सामान्य माणसांसाठीच्या पॉडकास्टलाही. म्हणूनच या दोहोंना दोन वेगळ्या जाती समजणे मला मान्य नाही.

डॉक्टरांनी कानाने शिकणे काही आजचे नाही. कॅलिफोर्नियात 1950च्या दशकातच 'ऑडिओ-डायजेस्ट' नावाने वैद्यकीय व्याख्यानांच्या ध्वनिफिती डॉक्टरांना घरपोच जाऊ लागल्या होत्या. पुढे कॅसेट आली, सीडी आली, 2005 मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टना जागा दिली आणि प्रसाराचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. 2012 मध्ये डब्लिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेळी ऑस्ट्रेलियाचे डॉ. माइक कॅडोगन यांनी या फुकट आणि खुल्या वैद्यकीय शिक्षणाला 'फोम' हे नाव दिले आणि ती एक चळवळच झाली. आज अंतर्गत वैद्यकासाठी 'द कर्बसायडर्स' आहे, वैद्यकाच्या इतिहासासाठी 'बेडसाइड राउंड्स' आहे, मोठ्या नियतकालिकांचे स्वतःचे पॉडकास्ट आहेत. यादी लांबवण्यात अर्थ नाही, कारण ती दर वर्षी बदलते.

डॉक्टरांना याची गरज का पडावी? पदवी मिळाल्यावर त्यांचे ज्ञान शिळे होत जाते म्हणून. नीतीश चौधरी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये 62 अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत, व्यवसायाची वर्षे वाढतील तशी मोजलेल्या प्रत्येक निकषावर डॉक्टरांची कामगिरी घसरलेली दिसली. अनुभवाने शहाणपण येते ही आपली समजूत इथे उलटी पडते, आणि त्याचे कारण आळस असेलच असे नाही. सकाळ-संध्याकाळ दवाखाना चालवणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरला सोबत कोणी नसते, चूक दाखवून देणारा ज्येष्ठ नसतो, आणि नव्या औषधाची पहिली बातमी त्याला बहुतेक वेळा औषध कंपनीच्या एमआरकडून कळते. आपल्याकडे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट जमवावे लागतात आणि त्यासाठी सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाची सत्रे, भरतात. पण डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 'जामा' या नियतकालिकात दाखवून दिले होते, की नुसत्या एकतर्फी व्याख्यानांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष वागण्यात फारसा फरक पडत नाही. चर्चा, सराव आणि प्रश्नोत्तरे असतील तरच काही बदलते.

यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे. पॉडकास्ट हेही एकतर्फी व्याख्यानच आहे, मग सीएमईचे खापर त्याच्या माथी का फुटू नये? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006चा प्रयोग इथे उपयोगी पडतो. एकच उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्यातला साधारण 40 टक्के भाग आठवला. एकदा वाचून मग स्वतःच आठवून लिहिण्याचा सराव करणाऱ्यांना 61 टक्के आठवला. गंमत अशी, की वाचल्यावर पाच मिनिटांनी पुनःपुन्हा वाचणारेच पुढे होते. ऐकताना 'समजले' असे जे समाधान वाटते, ते याच जातीचे फसवे समाधान आहे. गाडी चालवताना ऐकले तर लक्ष राहत नाही, ही तक्रार मात्र तितकीशी टिकत नाही: अमेरिकेत तातडीच्या वैद्यकाच्या निवासी डॉक्टरांवर झालेल्या एका चाचणीत गाडी चालवत ऐकणे आणि स्वस्थ बसून ऐकणे यांत आठवणीचा लक्षणीय फरक सापडला नाही. पण महिन्याभरात दोघेही बरेच विसरले होते, आणि खरी अडचण ही आहे. म्हणून पॉडकास्ट व्याख्यानासारखा असेल तर तो व्याख्यानाइतकाच निरुपयोगी ठरेल, हे मी बिनशर्त कबूल करतो. तो एखाद्या केसभोवती विणलेला असेल, रोग्याची लक्षणे सांगून 'आता तुम्ही काय कराल?' म्हणून क्षणभर थांबत असेल, दोन डॉक्टरांचा मतभेद न लपवता समोर ठेवत असेल, तर ऐकणाऱ्याला मनातल्या मनात उत्तर द्यावेच लागते. विचार उघड केला की ऐकणाऱ्यालाही विचार करणे भाग पडते. चांगले पॉडकास्ट हे ओळखून आहेत. मोठ्या नियतकालिकांचे काही भाग अजून ओळखत नाहीत आणि शोधनिबंधाचा सारांश सपाट आवाजात वाचून दाखवतात.

दुसरा आक्षेप वेगाचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या पॉल मॅरिक यांनी जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या 47 रुग्णांना क जीवनसत्त्व, थायमिन आणि हायड्रोकॉर्टिसोन देऊन त्यांची तुलना आधीच्या तितक्याच रुग्णांशी केली. मृत्यूचे प्रमाण 40.4 टक्क्यांवरून 8.5 टक्क्यांवर आल्याचे त्यांनी मांडले. अभ्यास एकाच रुग्णालयातला, यादृच्छिक चाचणी नसलेला. तरीही अतिदक्षता विभागांच्या पॉडकास्टवर आणि ऑनलाइन चर्चांत तो वणव्यासारखा पसरला, आणि पुरावा पक्का होण्याआधीच अनेक ठिकाणी हे मिश्रण रोग्यांना मिळू लागले. 2020च्या 'व्हिटॅमिन्स' चाचणीत फायदा दिसला नाही. 2022 मध्ये 872 रुग्णांवरच्या 'लोविट' चाचणीत तर केवळ क जीवनसत्त्व मिळालेल्यांत मृत्यू किंवा टिकून राहिलेला अवयव-निकामीपणा 44.5 टक्के आढळला, न मिळालेल्यांत 38.5 टक्के. ज्या वाटेने ज्ञान पळते, त्याच वाटेने अर्धवट ज्ञानही पळते, आणि दुरुस्तीची बातमी मागून चालत येते. याला माझे उत्तर अपुरे आहे, पण आहे ते असे: ज्या भागांत तो 2017चा अभ्यास 'आकडे मोहक आहेत, पण तुलनेचे रुग्ण वेगळ्या काळातले आहेत' अशा शब्दांत उलगडला गेला, तिथे श्रोत्याला पुढची चाचणी वाचायची नजरही मिळाली. जिथे फक्त कृती सांगितली गेली, तिथे फक्त कृती उरली. वेग आवरता येत नसेल, तर निदान सांगणाऱ्याने आपल्या खात्रीची मात्रा सांगितली पाहिजे.

आता सामान्य श्रोत्यांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये डॉ. चार्ल्स हिल 'रेडिओ डॉक्टर' म्हणून घरोघर पोचले होते. आपल्याकडे ही परंपरा आता मोबाइलवर आली आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' या संस्थेने मुंबईच्या वस्त्यांतल्या गरोदर बायकांसाठी 'एममित्र' ही सेवा उभी केली: बाई आपली भाषा आणि फोन यायची सोयीची वेळ निवडते, आणि गरोदरपणाच्या त्या त्या टप्प्याचा ध्वनिसंदेश तिला येतो. केंद्र सरकारची 'किलकारी' ही त्याच धर्तीची देशव्यापी सेवा आहे. तिची मध्य प्रदेशात सुमारे 5,000 गरोदर स्त्रियांवर यादृच्छिक चाचणी झाली. निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात काही फरक पडला नाही. गर्भनिरोधक साधनांच्या वापरात थोडी वाढ झाली. एका चाचणीवर मोठा इमला रचू नये. तरी मला त्यातून एवढे दिसते, की काय करावे हे मिनिटा-दोन मिनिटांच्या संदेशात गोड आवाजात सांगून कुटुंबातली जुनी रीत सहसा बदलत नाही. सासूबाई विचारतात 'का?', आणि त्या 'का'चे उत्तर सुनेजवळ नसते.

डेंग्यूचे उदाहरण घ्यावे. पावसाळा सरताना महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात रुग्णालयाच्या दाराशी नातेवाईक एकच प्रश्न विचारताना दिसतात: प्लेटलेट किती? पपईच्या पानांचा रस आणला जातो, रक्तपेढ्यांना फोन जातात, आकडा पन्नास हजारांच्या खाली आला की घरात रडारड होते. डॉक्टरची नजर बहुतेक वेळा दुसरीकडेच असते. ताप उतरला की घरचे निःश्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपून रोगी कोसळण्याची भीती असते. म्हणून तो पोटदुखी विचारतो, उलट्या थांबल्या का ते विचारतो, लघवी किती झाली ते मोजायला सांगतो, रक्तातला पेशींचा वाटा म्हणजे हिमॅटोक्रिट चढतो आहे का ते बघतो. सिंगापूर आणि मलेशियातल्या 372 रुग्णांवरची चाचणी 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. रक्तस्राव सुरू नसताना केवळ आकडा वीस हजार किंवा त्याखाली आहे म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास मात्र जास्त जणांना झाला. हे सारे 'घाबरू नका, डॉक्टरांचा सल्ला घ्या' या वाक्यात मावत नाही. वीस मिनिटांच्या बोलण्यात मावते. एखादा डॉक्टर शांतपणे सांगतो, की तिसऱ्या दिवशी मी काय बघतो, पाचव्या दिवशी काय, कुठल्या खुणेवर घरी पाठवतो आणि कुठल्या खुणेवर रात्री दोनला उठून यायला सांगतो. हे ऐकलेला मुलगा आपल्या बापाच्या खाटेशी बसून आकड्याऐवजी बापाकडे बघू लागेल.

इथे डॉक्टर मंडळींचा एक जुना आक्षेप पुढे येतो: लोकांना शंका-कुशंका सांगितल्या तर त्यांचा विश्वास उडतो, त्यांना ठाम सांगावे लागते. या म्हणण्यात माणसांची काळजी आहे हे मी जाणतो. पण ठाम बोलण्याची स्पर्धा लावली तर तीत डॉक्टर हरणारच, कारण त्याला पुराव्याचे बंधन आहे आणि समोरच्याला नाही. डिसेंबर 2024 मध्ये बीबीसीने 'द डायरी ऑफ अ सीईओ' या जगभर ऐकल्या जाणाऱ्या पॉडकास्टचे आरोग्यावरचे 15 भाग तपासले, तेव्हा प्रत्येक भागात सरासरी 14 घातक दावे निघाले, आणि यजमानाने त्यांना फारसे आव्हान दिलेले नव्हते. त्याआधी जानेवारी 2022 मध्ये जो रोगन यांच्या पॉडकास्टवरच्या कोविडविषयीच्या भ्रामक विधानांवरून शेकडो डॉक्टर व शास्त्रज्ञांना स्पॉटिफायला खुले पत्र लिहावे लागले होते. दोन-दोन तास कानाशी घोळणारा आवाज घरचाच वाटू लागतो. त्याने केलेल्या दाव्याला पुरावा मागणे मग उद्धटपणाचे वाटते. अशा आवाजापुढे श्रोत्याला वाचवेल अशी एकच सवय आहे: याला हे कसे कळले, असे विचारण्याची. आणि ही सवय ज्यांनी स्वतःचा विचार उघडून दाखवला, अशांना ऐकूनच लागते. आपली शंका झाकून ठेवणारा डॉक्टर लोकांना भोंदूच्या तावडीतून सोडवत नाही, फक्त दुसऱ्या एका ठाम आवाजाकडे सोपवतो.

लोक ऐकून स्वतःच औषधे घेऊ लागतील, ही भीतीही बोलून दाखवली जाते. आपल्याकडे दुकानातून चिठ्ठीविना प्रतिजैविक मिळते, तेव्हा लोक औषधे घेतच आहेत. ती कशावर चालत नाहीत हे तेवढे त्यांना ठाऊक नाही. मात्र जाहिरातीबाबत मी कुठलीही सूट द्यायला तयार नाही. 1954च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय कायद्याने मधुमेहासारख्या आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे. मुलाखतीच्या वेषात आलेली जाहिरात ही जाहिरातच असते. डॉक्टरांसाठीच्या पॉडकास्टला औषध कंपनीचा पैसा असेल, तर तो पहिल्या मिनिटातच सांगितला गेला पाहिजे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये डॉक्टरांच्या समाजमाध्यमांवरील वर्तनाचे नियम जाहीर केले आणि त्याच महिन्यात ती सारी नियमावली स्थगित केली. असे नियम लागू होत नाहीत तोवर ही शिस्त ज्याची त्याने पाळायची आहे.

डॉक्टरांचा आणि लोकांचा पॉडकास्ट वेगळा नसावा, असे मी म्हणतो त्यामागे मराठीचे एक व्यावहारिक कारणही आहे. आपला डॉक्टर इंग्रजीत शिकतो, इंग्रजीत ऐकतो आणि मराठीत रोग्याशी बोलतो. या दोन्हींमधला पूल त्याला कोणी शिकवलेला नसतो. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, साध्या सर्दी-तापात सलाईन का नको, हे मराठीत, वऱ्हाडीत, मालवणीत कसे समजावायचे, हे तो चुकतमाकत शिकतो. दोन अनुभवी डॉक्टर मराठीत एखाद्या केसवर मोकळेपणाने बोलताना ऐकू आले, तर तरुण डॉक्टरला निर्णयही कळेल आणि तो सांगण्याची रीतही. तोच भाग रोग्याचा भाऊही ऐकू शकेल. ज्यांच्याजवळ फोन नाही किंवा तो नवऱ्याच्या खिशात असतो, त्या बायकांचे काय, हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या पुरुषांपैकी 57 टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेले होते, स्त्रियांपैकी 33 टक्क्यांनी. यावर एक वाट दिसते. आरोग्य केंद्रात आशाताईंची मासिक बैठक भरते. तिथे दहा मिनिटांचा एखादा भाग मोठ्याने लावावा, मध्येच थांबवून 'आता काय कराल?' विचारावे, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा विचारावा. आठवून सांगण्याचा सरावही त्यात होतो आणि आवाज फोन नसलेल्या घरापर्यंतही जातो.

एका बाबीकडे मात्र या क्षेत्रातल्या जवळजवळ कोणीच पुरेसे लक्ष दिलेले नाही. छापील पुस्तकाची आवृत्ती जुनी झाली की पानांच्या पिवळेपणावरूनही कळते. ध्वनिफीत कधीच जुनी दिसत नाही. 2020च्या उन्हाळ्यात कोविडवर प्लाझ्मा उपचाराची बाजू घेणारे कितीतरी भाग जगभर ध्वनिमुद्रित झाले, आणि त्या वेळी ते प्रामाणिकपणेच झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवरची 'प्लॅसिड' चाचणी 'बीएमजे' या नियतकालिकात आली आणि त्या उपचाराने आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टळत नाही असे दिसले. मे 2021 मध्ये तो उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. ते भाग अजूनही तितक्याच ताज्या आवाजात वाजतात आणि व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांनी पाठवले जातात. प्रत्येक भागाच्या आरंभी ध्वनिमुद्रणाची तारीख बोलून सांगावी, तो पुन्हा कधी तपासला जाईल तेही सांगावे, आणि मत बदलले असेल तर जुन्या फायलीच्याच सुरुवातीला दोन वाक्ये नव्याने जोडावीत. हे करायला पैसा लागत नाही, एक मायक्रोफोन आणि दहा मिनिटे लागतात.